पीसीओएस : एक आजार, चार दारं

छत्रपती संभाजीनगरात तोंडावरच्या मुरमांसाठी मुलगी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाते. पाळी दोन-दोन महिने येत नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, लग्नानंतर दिवस राहत नाहीत म्हणून वंध्यत्व केंद्रात आणि चाळिशीत रक्तात साखर निघाली की फिजिशियनकडे. चारही ठिकाणी फाइल वेगळी आणि गोळ्या वेगळ्या. बीड, जालना, परभणी, हिंगोलीहून शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बाईकडे तर मागच्या दवाखान्याची चिठ्ठीही बऱ्याचदा नसते. या चारही तक्रारींच्या मुळाशी अनेकींच्या बाबतीत एकच अवस्था असते, पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणजे पीसीओएस. बोलण्यात अजून ‘पीसीओडी’च चालतं.

अलीकडे या आजाराच्या उपचाराला ‘सर्वांगीण’ हे विशेषण लागल्याशिवाय राहत नाही. योगवर्ग, आयुर्वेदिक चिकित्सालयं, आहाराची पॅकेजं विकणारे आणि मोठी रुग्णालयं असे सगळेच ते वापरतात, पण प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा असतो. म्हणून हा आजार वैद्यकाला कसा कळत गेला, तो कोणाला आहे असं म्हणायचं यावर वाद काय आहेत, उपचाराच्या कोणत्या बाजूला किती आधार आहे आणि काय अजून अडलेलं आहे, हे एकदा ओळीनं पाहायला हवं.

गाठींपासून इन्सुलिनपर्यंत

१७२१ साली इटलीतले अंतोनिओ वालिस्नेरी यांनी एका तरुण, विवाहित, मूल नसलेल्या शेतकरी बाईच्या अंडाशयांचं वर्णन लिहून ठेवलं : मोठी, चकचकीत आणि पांढुरकी. बरोबर २०० वर्षांनी, १९२१मध्ये, फ्रान्समधल्या आशार आणि तिएर यांनी दाढी उगवलेल्या स्त्रियांमधल्या मधुमेहाची नोंद केली. या दोन नोंदींचा परस्परांशी काही संबंध असेल, असं तेव्हा कोणाला वाटलं नाही. शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकल लेव्हेंथल यांनी १९३५मध्ये सात स्त्रियांची प्रकरणं एकत्र मांडली. पाळी बंद, अंगावर केस आणि मोठी झालेली अंडाशयं असं चित्र होतं. त्यांनी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला आणि पाळी परत सुरू झाली. दोष अंडाशयात आहे आणि इलाज सुरीत आहे, ही समजूत त्यानंतर कित्येक दशकं टिकली. १९८०च्या दशकात दुर्बिणीतून अंडाशयाला बारीक छिद्रं पाडण्याची शस्त्रक्रिया आली. तिचं मूळही याच समजुतीत आहे.

दिशा बदलली ती १९८०पासून. या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन वाढलेलं असतं, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, असं अभ्यासांतून दिसू लागलं. आज मान्य असलेली साखळी थोडक्यात अशी. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त पुरुषी संप्रेरक बनवायला लावतं. यकृतात तयार होणारं, या संप्रेरकाला बांधून ठेवणारं प्रथिनही इन्सुलिनमुळे घटतं, म्हणून मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचे इशारे बिघडतात आणि स्त्रीबीजाच्या पुटिका अर्ध्यावर वाढून थांबतात. सोनोग्राफीत दिसतात त्या ‘गाठी’ म्हणजे या थांबलेल्या पुटिका. त्या कापून काढायच्या नसतात आणि त्यांचा कॅन्सरही होत नसतो. ‘गाठी आहेत’ एवढं वाक्य ऐकून घरी गेलेल्या किती मुलींनी रात्री जागून काढल्या असतील! सोनोग्राफीचा कागद हातात देताना दोन मिनिटं हे समजावून सांगितलं तरी पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

बीज बाहेर पडलं नाही की त्यानंतर तयार व्हायचं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर महिनोन् महिने वाढत राहतं. पाळी लांबण्यातला खरा धोका हा आहे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं प्रमाण या स्त्रियांत इतरांपेक्षा कित्येक पट आढळतं, जरी तरुण वयात तो मुळातच विरळ असला तरी.

कोणाला आहे म्हणायचं?

या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि अजून न मिटलेला वाद निदानाचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९०च्या परिषदेनं दोन अटी घातल्या : पुरुषी संप्रेरकांचं आधिक्य आणि बीज न सुटणं, दोन्ही हवीत. २००३मध्ये रॉटरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांनी सोनोग्राफीतलं चित्र ही तिसरी खूण घेतली आणि तिन्हींपैकी कोणत्याही दोन पुरेशा ठरवल्या. २००६मध्ये आणखी एका संघटनेनं मधला मार्ग काढला. पुरुषी संप्रेरकांचं आधिक्य हवंच, त्याच्या जोडीला बाकीच्या दोनपैकी एक.

कागदावर हा फरक बारीक वाटतो, पण आकड्यांत तो प्रचंड आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीनं देशभर झालेल्या आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १८ ते ४० वयाच्या सुमारे ९,८०० स्त्रिया होत्या. १९९०च्या अटी लावल्या तर त्यांतल्या ७.२ टक्के स्त्रियांना पीसीओएस होता, २००६च्या अटींनी १३.६ टक्के आणि रॉटरडॅमच्या अटींनी १९.६ टक्के. बायका त्याच, रक्ताचे नमुने तेच, आणि आकडा जवळजवळ तिप्पट. मुंबईतही हेच दिसलं होतं. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं १५ ते २४ वयाच्या मुलींची वस्तीत जाऊन पाहणी केली. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रॉटरडॅमच्या अटींनी २२.५ टक्के आणि २००६च्या अटींनी १०.७ टक्के मुली निघाल्या. ‘दर पाचवी मुलगी’ हे वाक्य व्याख्यानांत आणि जाहिरातींत ऐकू येतं ते वरच्या आकड्यांवरून. मुंबईचाच खालचा आकडा घेतला तर ‘दर दहावी’ म्हणावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनाही जास्तीत जास्त १३ टक्क्यांपर्यंतच जाते. मात्र जगभरात यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं, असंही तीच संघटना सांगते.

व्यापक व्याख्येच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की सौम्य रूपातली मुलगी लवकर हाती लागली तर पुढचा मधुमेह टाळता येईल. अरुंद व्याख्येच्या बाजूचे विचारतात की केस, मुरमं, वाढलेलं टेस्टोस्टेरॉन यांपैकी काहीच नाही, फक्त पाळी पुढेमागे आणि सोनोग्राफीत भरपूर पुटिका, अशा मुलीला आयुष्यभराचं लेबल का लावायचं? मुंबईच्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुली याच सौम्य गटातल्या होत्या, त्यामुळे हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. या गटाचा चयापचयाचा धोका बाकीच्यांपेक्षा कमी असतो, पण शून्य नसतो.

किशोरवयापुरता तरी वाद बराचसा मिटला आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या हेलेना टीड यांच्या पुढाकारानं २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका तयार झाली आणि २०२३मध्ये ती सुधारली गेली. तिच्यानुसार पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी करायची नाही, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयांतही तशाच पुटिका दिसतात. पहिल्या वर्षी पाळी अनियमित असणं हेच नियमित. पुढच्या दोन वर्षांत ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं, तीन वर्षांनंतर मात्र ३५ दिवसांच्या पुढे गेलं तर लक्ष द्यायचं. किशोरवयात अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकांच्या खुणा या दोन्ही असल्याशिवाय निदान करायचं नाही. एकच असेल तर ‘धोका आहे, पुन्हा पाहू’ असं नोंदवून ठेवायचं. प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएच या संप्रेरकाच्या रक्ततपासणीलाही आता मान्यता आहे, मुलींमध्ये नाही. आपल्याकडे मात्र चौदा वर्षांच्या मुलीची पाळी दोनदा चुकली की आई-वडील स्वतःच सोनोग्राफी सेंटर गाठतात. रिपोर्टात ‘पीसीओ’ ही अक्षरं आली की निदान झालंच, असं धरून घर चालू लागतं.

बारीक बाईचं कोडं

पीसीओएस म्हणजे लठ्ठ मुलींचा आजार, ही समजूत पाश्चात्त्य अभ्यासांतून आली. मुंबईच्या पाहणीत पीसीओएस असलेल्या मुलींपैकी ७१.८ टक्के लठ्ठ नव्हत्या. याचं स्पष्टीकरण शोधताना पुण्याकडे पाहावं लागतं. तिथल्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथं जन्मलेली बाळं वजनानं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी तेवढी कमी नव्हती. घट होती ती स्नायूंमध्ये. हातपाय काटकुळे आणि पोटाशी चरबी, हा आपला नमुना जन्मापासूनचा. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के.

वजनकाट्यावर ठीक दिसणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलीची मान काळी का पडते, कमरेचा घेर का वाढतो आणि पाळी का लांबते, याचं किमान एक अंग यातून उलगडतं. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. बाईच्या कमरेसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. पण इथंही मतभेद आहेत. बारीक पीसीओएस हा वेगळाच आजार आहे, त्यात इन्सुलिनपेक्षा मेंदूकडून येणारे इशारे अधिक बिघडलेले असतात, असं एक मत आहे. दुसरं मत असं की आजार एकच, फक्त चरबी दिसणार नाही अशा जागी साठलेली. उपचारात याचा फरक पडतो. पहिलं मत खरं मानलं तर बारीक मुलीला ‘वजन कमी कर’ म्हणणं निरर्थक आणि कधी घातकही ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (एनएफएचएस-५) महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक, ५४.२ टक्के, स्त्रियांत रक्त कमी आहे. अशा मुलीनं उपास धरून वजन उतरवायचं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

रक्त कमी असण्याचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही. लोहाच्या कमतरतेत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी चुकीची, बहुधा जास्त, येऊ शकते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका पीसीओएस असलेल्या प्रत्येकीला, वजन कितीही असो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासायला सांगते आणि ती दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायला सांगते. ही तपासणी हॉर्मोनच्या महागड्या पॅनेलपेक्षा स्वस्त आहे. तिच्यासाठी लागतो तो सकाळचा वेळ. तेवढ्यासाठी ती मागे पडते.

गोळ्यांची बाजू

पाळी नियमित करणं, केस-मुरमं कमी करणं आणि अस्तराचं रक्षण, या तिन्हींसाठी गर्भनिरोधक गोळ्या हा मार्गदर्शिकेतला पहिला उपाय आहे. त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप असा की त्या पाळी ‘आणतात’, आजार बरा करत नाहीत. गोळी बंद केली की मूळपदावर. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. पण मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळीही बंद केली की तेच होतं, आणि तिथं कोणी असा आक्षेप घेत नाही. याहून वजनदार मुद्दा गोळीच्या निवडीचा आहे. सायप्रोटेरॉन आणि ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या आपल्याकडे मुरमांसाठी भरपूर लिहिल्या जातात. रक्ताच्या गुठळ्यांच्या धोक्यामुळे त्या पहिली निवड असू नयेत, कमीत कमी मात्रेची गोळी पुरते, असं मार्गदर्शिका सांगते. अविवाहित मुलीला ‘ती’ गोळी दिली म्हणून घरात होणारी कुजबुज हा वेगळाच अडसर. त्यापायी पुष्कळजणी उपचार अर्ध्यावर सोडतात.

मेटफॉर्मिन १९९४पासून पीसीओएसमध्ये वापरात आहे. साखर आणि चयापचयासाठी त्याचा उपयोग नक्की, पाळीसाठी मध्यम, केसांसाठी जवळपास नाही. सुरुवातीला पोट बिघडतं. दीर्घकाळ घेतलं तर बी-१२ घटू शकतं, आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. जाता जाता एक गोष्ट : मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीत सापडलेल्या द्रव्यात आहे. ‘केमिकल’ आणि ‘झाडपाला’ असा भेद करणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं.

मूल हवं असणाऱ्यांसाठी मात्र प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. स्तनाच्या कॅन्सरवरचं लेट्रोझोल हे औषध बीज सुटण्यासाठी जुन्या क्लोमिफिनपेक्षा सरस आहे. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झालं, क्लोमिफिन घेणाऱ्या १९.१ टक्के स्त्रियांना. त्या वेळी भारतात हेच औषध वंध्यत्वासाठी वापरायला बंदी होती. २०११मध्ये घातलेली ती बंदी २०१७मध्ये उठली. पीसीओएस असेल तर मूल होत नाही, ही समजूत मुली बघण्याच्या कार्यक्रमापर्यंत पोचलेली आहे. ती खरी नाही. बहुतेकींना दिवस राहतात, काहींना थोडी मदत लागते, आणि टेस्ट ट्यूब बाळाची वेळ सगळ्यांत शेवटी येते.

ताट, चालणं आणि झोप

आहाराच्या बाबतीत सर्वांत जास्त दावे होतात आणि सर्वांत साधं उत्तर मिळतं. कीटो, सोळा तासांचा उपास, दूध बंद, गहू बंद, यांपैकी कोणताही एक आहार बाकीच्यांपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. जो वर्षानुवर्षं पाळता येईल तो चांगला. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीत आणि साखरेत फरक दिसतो. पूर्वी एवढ्यावर सगळं थांबायचं. आता मार्गदर्शिकेचा सूर बदलला आहे. वजन नाही उतरलं तरी व्यायामाचा फायदा होतो, आणि दवाखान्यात वजनावरून बोलून अपमान करणं हा उपचारातला अडथळा आहे, असं तिच्यात स्वच्छ म्हटलं आहे.

मराठवाड्याच्या ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचं-मुगाचं वरण, शेंगदाणे, अंबाडी, मेथी हे सगळं आहेच. अडचण भाकरी सुटल्याची आहे. गावाहून शिकायला आलेली मुलगी सिडको-उस्मानपुऱ्यातल्या खोलीवर किंवा वसतिगृहात राहते. सकाळी पोहे, दुपारी मेसची पोळी-बटाटा आणि भात, संध्याकाळी वडापाव किंवा नूडल्स असा तिचा दिवस. डाळीची वाटी पातळ, प्रथिनं नावाला. अशा मुलीला बदाम, ॲव्होकाडो आणि चिया लिहून दिलेला तक्ता पहिल्याच आठवड्यात गादीखाली जातो. फुटाणे, उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी आणि दही एवढं जमलं तरी तिचं ताट बदलतं.

व्यायामासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, हा हिशेब मान्य आहे. याज्ञिकांच्या निष्कर्षांकडे पाहता आपल्या मुलींना चालण्यापेक्षाही स्नायू कमावण्याची गरज जास्त असावी, असं मला वाटतं. पहाटे विद्यापीठाच्या परिसरात नाहीतर गारखेड्याच्या क्रीडा संकुलात चालायला येणाऱ्यांत निवृत्त मंडळी भरपूर दिसतात, विशीतल्या मुली कमी. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे झोप कमी आणि सकाळ उशिरा. अपुऱ्या झोपेनं इन्सुलिनला दाद न देण्याची शरीराची खोड वाढते, हे सिद्ध आहे. पीसीओएस असलेल्यांत झोपेत श्वास अडण्याचा विकारही जास्त आढळतो.

योग आणि आयुर्वेद

योगाच्या बाजूनं भारतातच झालेली एक नेटकी चाचणी आहे. आंध्र प्रदेशातल्या १५ ते १८ वयाच्या ९० मुलींना दोन गटांत वाटून १२ आठवडे रोज तासभर एका गटाला योग आणि दुसऱ्याला साधा व्यायाम दिला. योगाच्या गटात एएमएच, टेस्टोस्टेरॉन आणि इन्सुलिनची स्थिती जास्त सुधारली. तुलना व्यायामाशी होती, नुसतं बसून राहण्याशी नव्हती, हे या चाचणीचं बळ. गट लहान आणि मुदत तीन महिन्यांची, ही तिची मर्यादा. तीन महिन्यांनी वर्ग संपल्यावर काय उरतं, याचं उत्तर तिच्यात नाही.

आयुर्वेदाची भूमिका दोन पातळ्यांवर पाहावी लागते. अभ्यासक पीसीओएसची तुलना ‘काश्यपसंहिते’तल्या पुष्पघ्नी जातहारिणीशी करतात. त्या वर्णनात पाळी येते पण फळ धरत नाही आणि गाल जाड, केसाळ असतात. सुश्रुतातला नष्टार्तवही सांगितला जातो. कफ आणि मेद वाढून मार्ग अडतो, म्हणून आधी अग्नी सुधारा, मग आर्तव, हा चिकित्सेचा क्रम. आहार, दिनचर्या, झोप आणि श्रम यांना त्यात पहिलं स्थान आहे. आधुनिक मार्गदर्शिका आज जिथं पोचली आहे तिथं हा विचार आधीपासून होता, असं वैद्य म्हणतात, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. दुसरी पातळी औषधांची. कांचनार गुग्गुळ, शतावरी, चंद्रप्रभा, कुमारी आसव, रजःप्रवर्तनी वटी ही नेहमीची नावं. त्यांच्यावरचे अभ्यास बहुतांश छोटे आहेत आणि तुलनेचा गट नसलेलेही बरेच आहेत. त्यामुळे ‘उपयोग नाही’ असं म्हणता येत नाही आणि ‘सिद्ध झालं’ असंही नाही. सावधगिरीचे मुद्दे मात्र ठोस आहेत. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांच्या २००८मधल्या एका अमेरिकी तपासणीत सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. पाळी आणणारी वटी दिवस गेलेले नाहीत याची खात्री केल्याशिवाय घेणं धोक्याचं. वैद्यांकडची औषधं चालू आहेत हे ॲलोपॅथीच्या डॉक्टरला न सांगणं तर सगळ्यांत वाईट. बायका सांगत नाहीत, कारण बोलणी बसतील अशी भीती असते.

इनॉसिटॉल या पूरक द्रव्याची पुडी आता ॲलोपॅथी आणि आयुर्वेद, दोन्हीकडे लिहिली जाते. अपाय कमी, काही बाबतींत फायद्याची चिन्हं, पण पुरावा तोकडा. आणि मेटफॉर्मिनपेक्षा महाग.

घर, लग्न आणि मन

पीसीओएस असलेल्या प्रत्येकीची नैराश्य आणि चिंता यांसाठी तपासणी करावी, असं आता सर्वमान्य आहे. दोन्ही या स्त्रियांत स्पष्टपणे जास्त आढळतात. हनुवटीवरचे केस रोज सकाळी उपटून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला याचा पुरावा लागत नाही. ‘लग्न झालं की होईल सगळं सुरळीत’ हा घरचा सल्ला तिच्या अडचणी दुप्पट करतो. एनएफएचएस-५नुसार राज्यात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि मराठवाड्यात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. निदान होण्याआधी लग्न आणि वर्षभरात पाळण्याची विचारणा, असा तो क्रम.

पाळीची तक्रार घेऊन आलेल्या गरीब बाईचं काय होऊ शकतं, हे बीड जिल्ह्यानं दाखवलं. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांतल्या कोणाला पीसीओएस होता का, हा त्या पाहणीचा विषय नव्हता. पण सगळं अंग तपासायला वेळ नसला की एक अवयव काढणं सोपं वाटतं, हे त्यातून दिसलं. स्टाइन-लेव्हेंथल यांच्या काळातली विचारपद्धती पुरती गेलेली नाही.

एका छताखाली

सर्वांगीण उपचाराचा एक अर्थ असा केला जातो : गोळी, काढा, योग आणि पूरक पुड्या सगळं एकदम. दुसरा अर्थ : एकाच माणसाकडे किंवा एकाच फाइलमध्ये सगळ्या तक्रारींचा हिशेब असणं. परळच्या संशोधन संस्थेनं दुसऱ्या अर्थाचं बहुविध चिकित्सालय चालवून पाहिलं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि योग एकाच ठिकाणी. मला हाच अर्थ पटतो. पण त्याच्या विरोधातला व्यवहारी मुद्दाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. १९५६पासून मराठवाड्याचा भार वाहणाऱ्या घाटीच्या ओपीडीत एका बाईमागे किती मिनिटं मिळतात हे सर्वांना माहीत आहे. खासगीत असं एकत्र चिकित्सालय उभं राहिलं तर त्याची फी ऊसतोडीला जाणाऱ्या घराला झेपणारी नसेल.

सरकारी योजनांमधली एक फट मात्र नव्या इमारतीशिवाय बुजवता येण्याजोगी आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयासाठी आहे आणि राज्यात त्याची मैत्री क्लिनिकं चालतात. मधुमेह-रक्तदाबाची सरसकट तपासणी तिशीपासून सुरू होते. मधली दहा वर्षं बाई गरोदर असेल तरच आरोग्य यंत्रणेला दिसते. पीसीओएसचा जोर नेमका त्याच दहा वर्षांत असतो. मैत्री क्लिनिकमध्ये पाळी अनियमित म्हणून नोंद झालेल्या मुलीची साखर आणि रक्तदाब वर्षा-दोन वर्षांनी पाहायचा आणि नोंद तिच्या हाती द्यायची, एवढं आशा आणि परिचारिकांच्या सध्याच्या घडीतही बसू शकतं.

न सुटलेलं

मूळ कारण अजून हाती लागलेलं नाही. जुळ्या बहिणींच्या अभ्यासात आनुवंशिक वाटा ७० टक्क्यांच्या आसपास निघाला, पण आतापर्यंत सापडलेली जनुकं त्याचा थोडाच भाग समजावतात. गर्भात असतानाच आईच्या जादा एएमएचचा मुलीच्या मेंदूवर परिणाम होतो, असं २०१८मध्ये फ्रान्समधल्या गटानं उंदरांत दाखवलं. माणसांत तसंच घडतं का, हा पुढचा प्रश्न. हृदयविकाराचा धोका पाळी जाण्याच्या वयानंतरही वाढलेलाच राहतो का, यावर एकमत नाही. आजाराचं नाव अंडाशयावरून असू नये, ही मागणी २०१२पासून जोरात आहे.

औषधांच्या बाजूला हालचाल आहे. वजन उतरवणारी टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं २०२५मध्ये भारतात आली. प्रौढ आणि लठ्ठ स्त्रियांत त्यांचा विचार करता येतो, पण ती चालू असताना गर्भधारणा टाळावी लागते आणि बंद केल्यावर वजन परत येतं. चिनी संशोधकांनी २०२४मध्ये मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन गटातलं औषध १९ स्त्रियांना १२ आठवडे दिलं, तेव्हा टेस्टोस्टेरॉन घटलं आणि बऱ्याच जणींची पाळी नियमित झाली. १९ हा आकडा आशेसाठी पुरेसा, चिठ्ठी लिहिण्यासाठी नाही.

हे सगळं सुटेपर्यंत वाचकांनी एवढं करावं. पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. पहिल्या पाळीला तीन वर्षं होऊन गेल्यावरही वर्षात आठपेक्षा कमी वेळा पाळी आली, किंवा सलग तीन महिने आलीच नाही, तर लग्नाची वाट न पाहता डॉक्टरकडे जावं. जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या न्याव्यात, वैद्यांच्याही. आणि सोनोग्राफीबद्दल विचारायच्या आधी ग्लुकोज पिऊन करायच्या साखरेच्या तपासणीबद्दल विचारावं.